रँक कमी आली म्हणून फॅमिली मेडिसिन घेऊ नका, घ्यायचंच असेल तर असं घ्या

गेल्या महिन्यात धुळ्याहून एक इंटर्न पोरगा माझ्या दवाखान्यात आला, ओळखीतला, अमळनेरकडचाच. दुपारची ओपीडी आटोपल्यावर चहा घेताना बिचकत बिचकत विचारतो, "सर, नीट पीजीला रँक काही खास येईल असं वाटत नाही, मग फॅमिली मेडिसिन टाकून देऊ का?" (नीट पीजी म्हणजे एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा, आणि फॅमिली मेडिसिन म्हणजे फॅमिली डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण.) मी म्हटलं, भाऊ, टाकून द्यायचं असेल तर नको टाकू, तीन वर्षं रडत करशील आणि पुढची तीस वर्षं पेशंटवर राग काढशील. पोरगा गप्पच झाला. मला पण वाटलं जरा जास्तच बोललो, मग दोन तास बसून त्याला सगळं नीट सांगितलं, तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न जळगाव-धुळे-नंदुरबारची पोरं फोनवर पण विचारतात आणि प्रत्येक वेळी तेच तेच बोलून घसा बसतो.

माझं थोडक्यात : एमबीबीएस धुळ्याला, मग डीएनबी (एमडीसारखीच पुढची डिग्री) फॅमिली मेडिसिन, आता तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचा दवाखाना. कोणती ब्रँच मोठी कोणती छोटी हा वाद मला घालायचा नाहीये.

पहिलं : हे नक्की काय आहे ते समजून घ्या

आमच्याकडचे एक आप्पा, साधारण सत्तरीचे, शुगर, बीपी, गुडघे असं सगळं. हृदयाच्या डॉक्टरांनी बीपीला टेल्मिसार्टन दिलेली. मधे सुरतला पोराकडे जाऊन राहिले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पण टेल्मिसार्टनच दिली पण दुसऱ्या कंपनीची, नाव वेगळं, पाकीट वेगळं, मग आप्पा दोन्ही खायचे. गुडघ्यासाठी हाडाच्या डॉक्टरांनी पाच दिवसांची डायक्लोफिनॅक लिहिली होती, ती आराम पडतो म्हणून मेडिकलवरून आणून आणून आठ महिने चालू. माझ्याकडे आले ते पाय सुजले आणि चक्कर येते म्हणून. मी काही भारी केलं नाही, घरातल्या गोळ्यांच्या सगळ्या पिशव्या मागवल्या आणि टेबलावर उलट्या केल्या. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) केलं तर वाढलेलं. तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबरच होते, पण तिघांच्या चिठ्ठ्या एका जागी ठेवून वाचणारं कोणी नव्हतं. फॅमिली मेडिसिन म्हणजे मुख्यतः हे काम, बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत, कुठलाही अवयव असो, पहिला दरवाजा आपला, आणि पेशंट बरा होऊन गेला तरी नातं संपत नाही, त्याची सून उद्या बाळ घेऊन येतेच.

आता इथे दोन गोंधळ हमखास होतात. एक म्हणजे एमडी कम्युनिटी मेडिसिन, ज्याला आपण पीएसएम म्हणतो, ते वेगळं, त्यात साथी, सर्व्हे, आरोग्य योजना हा भाग जास्त. काही एम्समध्ये डिपार्टमेंटचं नावच कम्युनिटी अँड फॅमिली मेडिसिन असतं, त्यामुळे फॉर्म भरताना डिग्रीचं नाव नीट वाचा. दुसरा गोंधळ म्हणजे, "एमबीबीएसनंतर दवाखाना टाकताच येतो की, मग तीन वर्षं कशाला?" टाकता येतो, कायद्याने काहीच अडचण नाही, आणि नुसत्या एमबीबीएसवर चाळीस वर्षं उत्तम प्रॅक्टिस केलेले जुने डॉक्टर आपल्या भागात गावोगाव आहेत. पण ते शिकले कुठे? पेशंटवर. पहिली दहा वर्षं चुका करत. आता पेशंट गुगल करून येतो, आणि तुम्ही अडीचशे एमजी लिहिलं की पाचशे हे तो घरी जाऊन पडताळतो. ट्रेनिंग घेतलं की त्या चुका कोणीतरी सिनिअर बाजूला उभा असताना होतात, एवढाच काय तो फरक, पण माझ्या मते फार मोठा.

दुसरं : फॉर्म भरायच्या आधी चार आठवडे बसून बघा

ही पायरी कोणीच करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. इंटर्नशिपमध्ये ग्रामीण पोस्टिंग असतं, तिथे सही करून पळू नका. आणि शिवाय एखाद्या चांगल्या चालणाऱ्या फॅमिली डॉक्टरकडे रोज दोन-तीन तास नुसतं बसायची परवानगी मागा. बहुतेक जण हो म्हणतात, आपल्याकडे माणसं तेवढी मोकळी आहेत.

बसून काय बघायचं? रोग नका बघू, रोग पुस्तकात आहेत. बघा की बाई "आंग दुखस, जीव घाबरस" म्हणून तिसऱ्यांदा आलीये, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तर डॉक्टर काय करतो. चौथी सलाईन लावतो की खुर्ची जरा जवळ घेऊन घरचं विचारतो. (अंगदुखीच्या मागे डिप्रेशन किती वेळा निघतं हे मला शिकताना कोणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.) बघा की सकाळचा पाचवा सर्दी-तापाचा पोरगा आणि पंचेचाळिसावा सर्दी-तापाचा पोरगा यांना तो सारखाच तपासतो का, कारण डेंग्यू नाहीतर मेनिंजायटिस त्या पंचेचाळिसाव्यातच लपलेला असतो.

आणि घरी जाऊन रोज वहीत एक ओळ लिहा, आज काय करताना कंटाळा आला. एवढंच. चार आठवड्यांनी वही वाचा. तेच तेच पेशंट परत बघायचा कंटाळा आला असं सारखं दिसत असेल तर ही ब्रँच तुमची नाही, सर्जरीकडे जा, अॅनेस्थेशियाकडे जा, कुणी वाईट म्हणणार नाही. डायग्नोसिस लगेच कळलं नाही म्हणून डोकं फिरत असेल तर तेही बघा, आपल्याकडे अर्ध्या पेशंटला पहिल्या दिवशी पक्कं नाव देताच येत नाही, "दोन दिवसांनी दाखवा, अमुक झालं तर रात्रीच फोन करा" असं म्हणून सोडावं लागतं आणि त्या दोन दिवसांत झोप लागली पाहिजे.

तिसरं : कोर्स कोणता

मुख्य रस्ते तीन. डीएनबी फॅमिली मेडिसिन, एमबीबीएसनंतर ३ वर्षं, एनबीईएमएस या राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं, थीसिस आहे, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही पास व्हावं लागतं, सध्या सगळ्यात जास्त लोक याच वाटेने जातात. एमडी फॅमिली मेडिसिन, ३ वर्षं, पण सीटा अगदी मोजक्या, सुरुवातीला हे चालू करणाऱ्यांत केरळातलं कोझिकोडचं गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज होतं. आणि एनबीईएमएसचा २ वर्षांचा डिप्लोमा, २०२० मध्ये जे आठ डिप्लोमा नव्याने आले त्यात फॅमिली मेडिसिन पण आहे. तिन्हींना साधारणपणे नीट पीजी लागते, २०० प्रश्न, ८०० मार्क, चुकलं की एक मार्क वजा. आणि हे सगळं एमबीबीएसवाल्यांसाठी, बीएएमएस-बीएचएमएसची मित्रमंडळी विचारतात म्हणून स्पष्ट लिहिलं.

डिप्लोमा की डीएनबी? घरची परिस्थिती ताणलेली असेल, वय झालं असेल, सरकारी नोकरीत असाल तर डिप्लोमा वाईट नाही. पण पुढे शिकवायची, कॉलेजात जायची, मोठ्या हॉस्पिटलात कन्सल्टंट म्हणून बसायची थोडीशी जरी इच्छा असेल तर ३ वर्षं काढाच.

याशिवाय दवाखाना चालू ठेवून शिकायचे कोर्स आहेत, वेल्लोरच्या सीएमसीचा दूरशिक्षणाचा फॅमिली मेडिसिनचा कोर्स बराच जुना आणि मजकूर खरोखर चांगला, पाहिजे त्या वेळी कामाला येतो. एमआरसीजीपी इंटरनॅशनल या फॅमिली डॉक्टरांच्या ब्रिटिश परीक्षेची साऊथ एशियाची आवृत्ती आहे. पण एक फरक कायम डोक्यात ठेवा, ज्ञान वाढवणारा कोर्स वेगळा आणि मेडिकल कौन्सिलात अॅडिशनल क्वालिफिकेशन म्हणून चढणारी डिग्री वेगळी. पैसे भरायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, हे माझ्या रजिस्ट्रेशनवर चढेल का. उत्तर गोल गोल आलं की समजून जा.

सरकारने २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात फॅमिली मेडिसिन वाढवायचं असं लिहून ठेवलंय, पण सीटा काही त्या वेगाने वाढल्या नाहीत, त्यामुळे धोरणाच्या भरवशावर बसू नका.

चौथं : हॉस्पिटल निवडताना फसू नका

इथे मी स्वतः पोळलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. डीएनबीच्या सीटा बऱ्याचदा मोठ्या प्रायव्हेट किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलांत असतात आणि काही ठिकाणी फॅमिली मेडिसिनचा रेसिडेंट (शिकत असलेला डॉक्टर) म्हणजे फुकटातला आरएमओ (ड्युटी डॉक्टर) असा समज असतो. मी जिथे होतो (नाव घेत नाही) तिथे माझे पहिले पाच महिने आयसीयूच्या नाईटमध्ये गेले, पीडियाट्रिक्सचं रोटेशन (बालरोग विभागातली पाळी) कागदावर झालेलं आणि प्रत्यक्षात मी एक पण नवजात बाळ हातात घेतलेलं नव्हतं. शेवटी लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) काढून गाईडसमोर ठेवलं, भांडलो नाही, म्हटलं सर ह्या रकान्यात काय लिहू ते तुम्हीच सांगा. पुढच्या आठवड्यापासून पीडियाट्रिक्स सुरू झालं. त्यामुळे लॉगबुक पहिल्या दिवसापासून खरं आणि रोजचं रोज भरा, तेच तुमचं हत्यार.

काउन्सेलिंगच्या (सीटवाटपाच्या) आधी त्या हॉस्पिटलच्या सध्याच्या सेकंड इयर रेसिडेंटला फोन करा, फर्स्ट इयरला नको, तो अजून घाबरलेला असतो. विचारा : रोटेशन खरंच होतं का, लेबर रूममध्ये हात लावू देतात का, फॅमिली मेडिसिनची स्वतःची वेगळी ओपीडी आहे का आणि तिथे तोच पेशंट परत तुमच्याकडेच येतो का, स्टायपेंड वेळेवर होतो का, मागच्या बॅचचे किती पास झाले. वेगळी ओपीडी नसेल तर माझं मत, ती सीट दोन नंबरला टाका, शहर कितीही भारी असलं तरी. कारण बाकी सगळं तुम्ही दुसऱ्या डिपार्टमेंटचे पाहुणे म्हणून शिकता, आपलं घर ती ओपीडी.

पाचवं : तीन वर्षांत गोळा करायच्या गोष्टी, खान्देशच्या हिशोबाने

अभ्यासक्रम सगळ्यांना सारखाच, पण पुण्यात बसणाऱ्या फॅमिली डॉक्टरला आणि शिरपूर-शहादा-रावेरला बसणाऱ्याला लागणारं सामान वेगळं. ईसीजी वाचता येणं, टाके, गळू फोडणं, प्लास्टरचा स्लॅब, कॉपर टी, इन्सुलिन सुरू करणं हे तर सगळीकडेच. आपल्याकडचं खास सांगतो.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आपल्याकडे मिळणारं अँटी स्नेक व्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) या चौघांवरच चालतं. मण्यारचं लक्षात ठेवा, रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात, बोलणं बोबडं, आणि अंगावर दंशाची खूण सापडत नाही, "रात्री शिळं खाल्लं म्हणून असेल" असं घरचे सांगतात. इथे पॅन्टोप्राझोल (अॅसिडिटीची गोळी) देऊन घरी पाठवलं तर माणूस श्वास बंद होऊन जातो. घोणस-फुरश्यासाठी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट शिका, काचेची ट्यूब पाहिजे, कोरडी, आणि साबणाने धुतलेली नको, साबणाने काचेवर फरक पडतो आणि रक्त गोठायचं असूनही गोठत नाही. ही बारीक गोष्ट मला एका जुन्या नर्सबाईंनी सांगितली, कुठल्या प्रोफेसरने नाही.

विंचू. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लहान गावात बसून विंचूदंशात प्राझोसिन या बीपीच्या गोळीचा उपयोग दाखवला, १९८६ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. ते एमडी मेडिसिनवाले, पण गावात बसून रिसर्च होत नाही असं कोणी म्हटलं की मी हेच उदाहरण देतो.

फवारणी. कापसाच्या हंगामात कीटकनाशकाची विषबाधा होऊन घाम, लाळ फुटलेली, बाहुल्या टाचणीएवढ्या झालेला माणूस आला की अॅट्रोपिन (त्यावरचा उतारा) हातात पाहिजे, आणि डोस दर पाच मिनिटांनी वाढवत छाती मोकळी होईपर्यंत न्यायचा. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबू नका, छाती ऐका. त्याचे कपडे आधी काढा, अंग धुवा, आणि हातमोजे घालून, नाहीतर दोन पेशंट होतील. मग १०८.

ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बेशुद्ध आलेल्या माणसाला आधी गार करायचं आणि मग गाडीत घालायचं, उलट नाही. क्रोसिनने उष्माघात उतरत नाही.

सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार). नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, इकडे चोपडा-यावलच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवर. वारंवार हातपाय दुखतात, डोळे पिवळे, पोरगं वाढत नाही, तर प्रत्येक वेळी कावीळ किंवा संधिवात समजू नका, सोल्युबिलिटी टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, म्हणजे वाहक आहे की आजारी ते कळतं. हायड्रॉक्सियुरिया (त्यावरचं औषध) कशी सुरू करायची, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) कधी बघायचा हे ट्रेनिंगमध्येच शिकून घ्या. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन चालू आहे, टार्गेट २०४७ चं, त्यामुळे तपासणी वाढतीये, पण कार्डावर काय लिहिलंय ते लग्नाच्या आधी पोरा-पोरीला बसवून समजावून सांगणार कोण? तो माणूस तुम्हीच.

आणि भाषा. मराठी येते म्हणून भागत नाही. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिली, निदान पन्नास-साठ शब्द तरी यायला पाहिजेत. दुखणं माणूस आपल्या बोलीतच खरं सांगतो, प्रमाण मराठीत सांगताना तो डॉक्टरला आवडेल असं सांगतो.

सहावं : घरचे

यावर कोणी लिहित नाही. माझे वडील शेतकरी, मी डीएनबीचं सांगितलं तर म्हणे, "तुले दवाखानाच टाकना व्हता ते इतलं कसाले शिकना?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. लग्नाच्या बायोडेटावर पण तेच, मुलीकडचे विचारायचे एमडी का एमएस, मी फॅमिली मेडिसिन म्हटलं की पलीकडे शांतता. एवढं सोसायची तयारी ठेवा. मी वाद घालणं सोडून दिलं आणि दवाखाना सुरू झाल्यावर वडिलांना एक दिवस बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. संध्याकाळी काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी गावातल्या जिभाऊंना घेऊन आले, गुडघा दाखवायला.

सातवं : नोकरी की दवाखाना

लगेच दवाखाना टाकू नका. एक-दोन वर्षं मेडिकल ऑफिसर म्हणून पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) किंवा ग्रामीण रुग्णालयात काढा. गव्हर्नमेंट कॉलेजातून एमबीबीएस केलं तर एक वर्षाचा बॉण्ड (सक्तीची सरकारी सेवा) असतोच, तो शिक्षा समजून काढू नका. नंदुरबारकडे नर्मदेच्या बॅकवॉटरमध्ये बोटीवरचा दवाखाना चालतो, तिथे काढलेले सहा महिने कुठल्याही फेलोशिपला भारी आहेत. परदेशात जायचं असेल तर तिकडे ही ब्रँच प्रतिष्ठेची आहे, पण तिथलं ट्रेनिंग वेगळं करावं लागतं, आपल्या डीएनबीवर थेट कोणी खुर्ची देत नाही.

दवाखाना टाकायचा ठरलंच तर जागा बस स्टँड किंवा बाजारपेठेच्या जवळ, तळमजला, पायऱ्या नकोत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेवा, दर ५ वर्षांनी रिन्यूअलला ३० क्रेडिट अवर्स लागतात, ते शेवटच्या महिन्यात गोळा करायला धावू नका. कचऱ्याचं २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांनुसार प्रदूषण मंडळाचं ऑथरायझेशन घ्या, पिवळी आणि लाल पिशवी, काचेचा निळा डबा आणि सुयांचा पांढरा डबा. खाटा ठेवल्या तर नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन लागतं, म्हणून सुरुवातीला खाट नकोच असं माझं मत, "ताकदीच्या सलाईन"चा मोह पण आपोआप टळतो. हा मोह खरंच मोठा आहे, पेशंटच मागतो, शेजारचा देतो, नाही म्हटलं की पेशंट जातो. मी पहिल्या वर्षी नाही म्हणत राहिलो आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या. हळूहळू परत आले, सगळे नाही.

खर्च कुठे करायचा : ईसीजी मशीन, ग्लुकोमीटर, पल्स ऑक्सिमीटर, नेब्युलायझर, चांगला बीपी मोजायचा पट्टा (मोठ्या दंडाचा वेगळा घ्या), लसींसाठी फ्रीज आणि त्याला स्वतंत्र इन्व्हर्टर, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. एसी नंतर. इंटिरिअर तर अजून नंतर.

पैसा. सुरुवातीची दोन वर्षं तुमचा रेडिओलॉजीवाला मित्र तुमच्या कितीतरी पट कमवेल, हे डोळे उघडे ठेवून स्वीकारा. उधारी असणारच, "कापूस विकला की देतो" हे वाक्य दिवाळीपर्यंत रोज ऐकाल आणि बहुतेक जण खरंच देतात. मी एक वही ठेवलीये, मागत नाही, फक्त लिहून ठेवतो. आणि कट. रेफर केला म्हणून पाकीट येईल, लॅबवाला येईल, स्कॅनवाला येईल. २००२ च्या आचारसंहितेत कमिशन घेणं सरळ निषिद्ध आहे, पण नियम बाजूला ठेवा, एकदा घेतलं की कोणाकडे पाठवायचं हे पेशंट बघून ठरत नाही, पाकीट बघून ठरतं, आणि तालुक्यात ही गोष्ट सहा महिन्यांत सगळ्यांना कळते.

रेकॉर्ड ठेवा. त्याच नियमांत लिहिलंय की भरती पेशंटचे कागद ३ वर्षं जपायचे आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे. ओपीडीला पण मी तेच करतो, प्रत्येक घराची एक फाईल, आजोबा ते नातू एकाच फाईलमध्ये. सासूला टीबी निघाला की त्याच फाईलमधून घरातली लहान पोरं लगेच दिसतात. (टीबी निघाला की सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद करायची, प्रायव्हेटवाल्यांना पण बंधनकारक आहे, कंटाळा करू नका.)

रेफर करताना "जळगावला घेऊन जा" एवढंच तोंडी सांगू नका. अर्ध्या पानाची चिठ्ठी, काय झालं, काय दिलं, किती वाजता दिलं, मला काय शंका आहे, आणि खाली स्वतःचा मोबाईल नंबर. मग समोरच्याला फोन. पहिल्यांदा काही मोठे डॉक्टर फोन उचलणार नाहीत. विसाव्या चिठ्ठीला उचलतील.

तो पोरगा सगळं ऐकून म्हणाला, सर, मग चार आठवडे तुमच्याकडेच बसू का? म्हटलं ये, पण बाजाराच्या दिवसापासून सुरू कर, त्या दिवशी सगळे पाडे एकदम उतरतात. स्टेथो स्वतःचा आण, वही आण, डबा नको आणू, कोणीतरी कळण्याची भाकरी आणि भरीत आणून ठेवतंच.